पडद्यावरची सवत

५ ऑगस्ट

आज आमच्यावर सवत आणली!

म्हणजे पडद्यावर. मशीन सुरू करायच्या आधीच चला-चलाने सगळ्या लाईनीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. (आमचा सुपरवायझर. दिवसभर तोंडात 'चला, चला'. खरं नाव आता त्याच्या आईलाही आठवत नसेल.) भिंतीवर मोठा टीव्ही लावलाय. वाटलं, आग लागली तर कसं पळायचं ते दाखवणार. तर एक बाई दिसली! कुठल्याशा दुसऱ्या देशातली. मशीन आमच्यासारखंच, शर्ट आमचाच – तोच निळा, तेच लेबल – आणि ती बाही लावतेय.

बाही. माझं काम.

चला-चला म्हणाला, "बघा, बघा हात! माल घेणारी कंपनी एकच. तिकडच्या बायका तुमच्या दीडपट काढतात. उद्या ऑर्डर तिकडे गेली तर माझ्या नावाने बोटं मोडू नका."

मागून बटणवाली म्हणाली, "अगं बाई, सवतच की गं ही आपली!" सगळी लाईन खिदळली. वन्सं सगळ्यांत जास्त. माझ्या पुढच्याच मशीनवर बसतात त्या – मी बाही लावून पुढे टाकते, त्या तिला कफ लावतात. घरात नणंद, इथे शेजारीण. हसून हसून त्यांना ठसका लागला.

मी नाही हसले. मी हात बघत होते. ती बाई हाताकडे बघतच नाही! कापड आपल्या पायांनी सुईखाली चालत जातं. ती कुठेतरी बाजूला बघते. आणि किंचित हसते.

कुणाकडे बघून हसते ही?

६ ऑगस्ट

सवतीला पाठीची खुर्ची आहे. आम्हाला स्टुलं.

८ ऑगस्ट

कुणीतरी तो व्हिडिओ फोनवर घेतला, तो फिरत फिरत ह्यांच्याकडे पोचला. कालच ट्रक घेऊन परत आलेत. जेवायला बसल्या बसल्या म्हणतात, "काय हात चालतात गं बाईचे! पाण्यात मासोळी सुळकन जावी तसे."

वन्सं म्हणाल्या, "अरे, बायकोचे हात कधी बघितलेस का?"

"बघतो की. ताट वाढताना."

बहीणभाऊ हसले. मी ताट उचललं. ह्यांच्या उद्याच्या डब्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं. मुद्दाम नाही.

थोडं मुद्दाम.

११ ऑगस्ट, रविवार

कपडे वाळत घालताना स्वतःचे हात बघत बसले. नखांच्या कडा फाटलेल्या, डाव्या तर्जनीवर सुईचा जुना काळा ठिपका. सुंदर कधीच नव्हते. पण ह्या हातांना सगळ्या कारखान्यात तोड नव्हती, एवढं मला ठाऊक होतं. नवीन पोरगी आली की तिला माझ्यामागे उभी करायचे – "हिचं बघ." कुणी मोठ्याने कौतुक केलं नाही कधी, पण ते 'हिचं बघ' मला पुरत होतं.

ह्या वयात बाईकडे कोण बघतं? रस्त्यात नाही, घरात नाही. आरशात मी स्वतःही घाईनेच बघते. बघायचे ते माझे हात. आता तेही दुसरीचे बघतात.

मला लाज वाटते हे लिहायला. समुद्रापलीकडची बाई. तिला माझा पत्ताही नाही. आणि मी तिच्यावर जळून कोळसा होतेय!

१४ ऑगस्ट

घड्याळवाला येणार अशी कुणकुण आहे.

लाईनीत आमचा एक कायदा आहे. लिहिलेला कुठेच नाही. घड्याळवाला मागे उभा राहून एकेकीची वेळ मोजतो आणि त्यावरून साऱ्यांचं टार्गेट ठरतं. म्हणून तो आला की खरा वेग कुणी दाखवायचा नाही. सगळ्यांत हळू जी असेल, तिच्या चालीने शिवायचं. सगळ्यांत हळू वन्सं – उजव्या अंगठ्याचा सांधा गेलाय त्यांचा. तेव्हा आमच्यात म्हण आहे: घड्याळ आलं की वन्सं व्हायचं!

वन्सं ऐटीत सांगतात, "राजालाही हा मान नाही. माझ्या नावाने कायदा चालतो."

मला मशीन शिकवलं ते त्यांनीच. लग्न होऊन आले तेव्हा मला सुईत दोरा ओवता येत नव्हता.

१९ ऑगस्ट

केलं ते असं.

घड्याळवाला आला. कोवळा मुलगा आहे, गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. कॉलरपासून सुरुवात केली. सगळ्या वन्सं झाल्या होत्या. बटणवाली तर जांभया देत शिवत होती. वर टीव्ही चालूच – आवाज बंद, सवत गोल गोल तीच बाही लावतेय, तेच हसतेय.

तो माझ्यामागे आला. मीही हळूच होते. खरंच होते. तेवढ्यात चला-चला त्याला हलक्या आवाजात म्हणाला, "ही आमची जुनी. पूर्वी हात बरे होते हिचे."

पूर्वी!

पायडल मी दाबलं. कुणी माझा पाय ढकलला नाही. बाह्या अशा निघाल्या की मलाच कळेना त्या कुठून येतायत. हाताकडे बघायची गरजच पडली नाही. मी बाजूला बघितलं. आणि हसले. देवा, मी तिच्यासारखी हसले!

तो मुलगा फोन वर धरून उभा होता. "वा!" म्हणाला. "काकू, वा!"

मग समोर लक्ष गेलं. माझ्या बाह्या वन्संच्या टेबलावर साचत होत्या. ढीग वाढला, कलला, आणि जमिनीवर पडला. वन्सं वाकून एकेक बाही उचलत होत्या. मागे वळून बघितलं नाही त्यांनी.

२० ऑगस्ट

डब्याच्या सुट्टीत कुणी सरकून जागा दिली नाही. बटणवाली मोठ्याने म्हणाली, "सवतीवर सवत आली गं बायांनो!"

या वेळी कुणी हसलं नाही.

वन्संनी सरकून जागा दिली. ते जास्त लागलं.

२७ ऑगस्ट

नवं टार्गेट लागलं. माझ्या वेगावरून. पोरी पाणी प्यायला उठेनाशा झाल्यात. पाणी प्यायलं की मोरीकडे जावं लागतं, आणि गेलं की बंडल मागे पडतं. कडेच्या मशीनवरची पोरगी पोटुशी आहे, तीही उठत नाही.

मला स्वतःला जमतंय. मला जमतंय, हेच वाईट.

३१ ऑगस्ट

वन्संना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

चला-चलाने सांगितलं, तेही नजर चुकवून. "आजी, आता आराम करा." वन्सं म्हणाल्या, "आजी कुणाची रे? लग्न तरी झालंय का माझं?" लाईनीतल्या पोरी रडत रडत हसल्या. मग त्यांनी आपली कात्री रुमालात गुंडाळली, मशीनवर झाकण घातलं आणि गेल्या.

घरी येताना आम्ही दोघी बसमध्ये शेजारी बसलो. मी म्हणाले, "वन्सं, माझं चुकलं." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हात चांगले चालले हो तुझे त्या दिवशी."

टोमणा असता तर बरं झालं असतं. खरंच म्हणाल्या त्या.

३ सप्टेंबर

घरी आले तर सगळी भांडी घासून पालथी घातलेली. कपडे धुतलेले. माझ्या चपलासुद्धा पुसून ठेवलेल्या.

वन्सं भावाच्या घरात राहतात, पण भावाच्या जिवावर कधी राहिल्या नाहीत. पगार हातात पडला की आपल्या वाटचं सामान आधी आणून ठेवायच्या. एखादं भांडणही झालं तर ताठ मानेने – "माझं मी खाते हो!" आता भांडत नाहीत. आज चहात साखर घालताना मला विचारलं, "घालू का एक चमचा?"

माझ्या घरात. त्यांच्या घरात!

ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तुला कुणाची बरोबरी करायची होती गं?"

काय सांगू? एका व्हिडिओची?

६ सप्टेंबर

खरं एकदा लिहून टाकते. सवतीवर जळले, ते पाप वरवरचं. खालचं वेगळं आहे. मी वन्संवरही जळते. आजची नाही, कितीतरी वर्षांची.

हात माझे, पण माणसं त्यांची. कुणाचं मूल आजारी असलं तर त्यांना सांगतात. कुणी नवऱ्याशी भांडून आली तर त्यांच्या स्टुलाशी जाऊन बसते. कायदा त्यांच्या नावाने. सगळी लाईन त्यांच्या चालीने चालायची, आणि मी – लाईनीतली सगळ्यांत वेगवान बाई – मीही दरवेळी पाय आवरून वन्सं व्हायचे. एकदा तरी मला मी व्हायचं होतं. सगळ्यांसमोर.

झाले. वन्संची जागा रिकामी आहे, आणि माझ्या स्टुलाशी कुणी येऊन बसत नाही.

१० सप्टेंबर

चष्मा भेटली. संघटनेची बाई. डोळ्यांपेक्षा चष्मा मोठा. कारखान्यात तिला आत येऊ देत नाहीत, म्हणून बसथांब्यावर गाठते. आजवर मी तिला टाळत आले. आज तीच माझ्याशी नीट बोलेल की नाही, अशी भीती वाटत होती.

बोलली. "बाई, तुम्ही नसता पळालात तर त्यांनी दुसरी कुणी शोधली असती. पळवायचं त्यांना ठाऊक आहे." मग म्हणाली, "तिकडेही संघटना आहे. रविवारी फोनवर भेटायचंय त्यांना. याल?"

"ती असेल का?"

"कोण ती?"

मी जीभ चावली. "येईन," म्हणाले.

१५ सप्टेंबर, रविवार

संघटनेची खोली म्हणजे पंक्चरच्या दुकानावरची माडी. रबराचा वास. वन्संना हट्टाने नेलं. बटणवाली होती, आणखी दोघी-तिघी. माझ्याशी अजून कुणी धड बोलत नाही. चष्म्याने फोन खिडकीच्या कठड्याला टेकवून उभा केला. तिकडे एक मुलगी होती, त्यांची भाषा आणि इंग्रजी जाणणारी. ती चष्म्याला सांगणार, चष्मा आम्हाला.

आणि ती आली.

बुटकी! केस विस्कटलेले, मांडीवर शेंबडं मूल, पुढचे दोन दात मोठे. माझ्या मनाला काय गार वाटलं! (लिहिते, कारण खरं आहे.)

सगळ्यांनी ठरवलं होतं – आधी पगाराचं विचारायचं, मग तासांचं. माझ्या तोंडातून गेलं, "ती पाठीची खुर्ची कुणी दिली तुला?"

तिकडे सगळ्या हसल्या. खुर्ची ऑफिसातून आणली होती. व्हिडिओ संपल्यावर परत नेली. त्यांचीही स्टुलंच.

"आणि हसत होतीस कुणाकडे बघून?"

आईकडे. आई शेजारच्या मशीनवर बसायची. कॅमेरा आला तेव्हा ती म्हणाली, लग्नाचा फोटो काढतायत असं समज आणि हस.

मग ती फोनच्या अगदी जवळ आली. काहीतरी विचारलं. तिकडची मुलगी अडखळली. चष्म्याने माझ्या रुमालाकडे बघितलं.

"काय म्हणते?"

"विचारते की… निळा रुमाल बांधलेली बाई ती तुम्हीच का?"

रुमाल सगळ्याच बांधतो. निळा माझाच.

त्या दिवसाचा माझा व्हिडिओ तिकडे रोज लावतात. मी बाही लावते, मी बाजूला बघते, मी हसते. तिकडे मला चेटकीण म्हणतात. माझ्या वेगावरून तिथलं टार्गेट वाढवलं. तिच्या आईला ते गाठता आलं नाही. आईला काढलं.

मग ती बोलतच सुटली, बराच वेळ. चष्म्याने तिच्या बोलण्यातलं थोडंच सांगितलं. तिने मला शिव्या दिल्या, एवढं भाषा न कळताही कळलं. मी मान खाली घालून ऐकल्या. इतक्या दिवसांत मला कुणी शिव्या दिल्या नव्हत्या. फार बरं वाटलं.

वन्सं पुढे सरकल्या. "अगं ए पोरी, पुरे. मोठी आहे ती तुझ्याहून. आईला बोलाव बघू."

आई आली. काळी, किडकिडीत, वन्संच्याच वयाची. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. वन्संनी आपला उजवा अंगठा वर केला आणि वाकवून दाखवला – वाकत नाही तो. तिकडच्या बाईने तिचा डावा दाखवला. तोही वाकेना. वन्संनी तोंड वेडावून "आई आई गं" केलं. तिने तिच्या भाषेत तेच केलं. मग दोघी ज्या हसायला लागल्या! चष्म्याला काहीच सांगावं लागलं नाही.

मी कोपऱ्यात उभी होते. तेव्हाही मनात आलंच – आता ही परदेशातली बाईसुद्धा वन्संचीच झाली.

१६ सप्टेंबर

सवतीने चष्म्याकडे निरोप पाठवला. विचारलंय, बाही लावताना टाचण्या न लावता काठ कसा धरतेस? व्हिडिओत माझं बोट दिसत नाही म्हणे.

म्हणजे तीसुद्धा माझे हात बघत बसायची!

२२ सप्टेंबर, रविवार

परत माडीवर. चष्म्याने समजावलं. मला चटकन कळलं नाही, मग एकदम लख्ख कळलं. आम्हाला सांगतात, ऑर्डर तिकडे जाईल. त्यांना सांगतात, इकडे येईल. आम्ही घाबरून पळतो, आमच्या भीतीने त्या पळतात. दुकानात थंडीचे शर्ट एकाच दिवशी लागायचे आहेत, दोन्हीकडचे मिळून. आत्ता, याच आठवड्यात, दोन्हीकडे एकदम हात थांबले, तर ऑर्डर जाणार कुठे?

बटणवाली म्हणाली, "पण पहिला हात कुणी उचलायचा?"

सगळ्या आपापल्या हातांकडे बघू लागल्या.

बाही आल्याशिवाय कफ नाही, बाजू नाही, बटण नाही. मी नुसती बसले तर माझ्यापुढची सारी लाईन आपोआप बसते.

"मी," म्हणाले.

बटणवालीने माझ्याकडे बघितलं. "परत हसशील कॅमेऱ्यात!" म्हणाली. पण डबा माझ्याकडे सरकवला.

२४ सप्टेंबर

सकाळची घंटा झाली. मशीन चालू केलं, एक बाही लावली – सवयीने – आणि मग पायडलवरून पाय काढला. हात मांडीवर ठेवले. रिकामे हात इतके जड असतात हे ठाऊक नव्हतं.

वन्संच्या पलीकडच्या मशीनवरचे कफ थांबले. बाजू थांबल्या. मागे कॉलरवाल्यांनीही हात काढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकला.

चला-चला धावत आला. "काय झालं? लाईट गेली?"

"वन्संना परत घ्या. टार्गेट जुनं करा. आणि तिकडच्या तिच्या आईलाही घ्या."

"तिकडची कोण आई?" त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग आवाज चढवला, "ऑर्डर तिकडे जाईल हां! आत्ता फोन करतो!"

"करा की," बटणवाली म्हणाली. "आमचाही नमस्कार सांगा."

ऑफिसात गेला. परत आला तेव्हा 'चला' शब्द विसरला होता.

२५ सप्टेंबर

हात मांडीवर. तिकडेही. भीती वाटते. पोटुशी पोरगी आज तीनदा उठून पाणी पिऊन आली.

२६ सप्टेंबर

आज मोठे साहेब येऊन गेले. मला एकटीला बोलावलं. म्हणाले, तुमच्यासारख्या हातांना आम्ही सुपरवायझर करू शकतो.

एक क्षण – खोटं कशाला लिहू – मनात खुर्ची आली. पाठीची.

"साहेब, मला लाईनीत बोललेलं बरं वाटतं," म्हणाले आणि बाहेर आले. हे घरी फक्त वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वेडी! निदान चहा तरी प्यायचास."

३० सप्टेंबर

आल्या! जुनं टार्गेट लागलं, टीव्ही बंद झाला. तिकडून निरोप आला – आईही परत मशीनवर.

वन्संनी झाकण काढलं, बोट फिरवून धूळ बघितली, म्हणाल्या, "महिनाभर कुणी तेल घातलं नाही वाटतं बाईला." दुपारपर्यंत त्यांच्या स्टुलाभोवती पोरींची रांग. मी बाही लावत बसले. एक पोरगी मात्र जाता जाता माझ्याकडे थांबली. काठ धरायचा कसा, म्हणाली. दाखवला.

संध्याकाळी वन्सं माझ्याशी कडकडून भांडल्या, बादली कुणी भरायची यावरून. "माझं मी खाते हो!" म्हणाल्या.

किती दिवसांनी!

१८ नोव्हेंबर

टीव्ही परत लावलाय. तिसराच देश. नवीन बाई, आमच्या दोघींहून तरुण. बाहीच लावते. आणि माझ्याहून चांगली. खरंच चांगली. मी परत जळले, जशीच्या तशी.

सुट्टी होताच चष्म्याला फोन केला. म्हटलं, हिचा नंबर काढ.